इंजिनाचं वजन

त्या विमानाचं इंजिन मी होते.
वय एकोणीस, वजन त्रेचाळीस किलो सहाशे,
चहा आणि एका खारीवर चालणारं.

हरेश्वर चुरी. शिवडी नाक्याजवळ
काटे दुरुस्त करायचा गाळा.
वाण्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे
खोटं बोलायला लागलेले काटे
तो वळणावर आणायचा. उरलेल्या वेळात
पंख.

बावीस-बावीस फुटांचे दोन.
बांबूच्या कामट्या, अ‍ॅल्युमिनियमची नळी,
वर साड्यांच्या खोक्यातलं पातळ प्लास्टिक.
मध्ये सायकलची सीट, पेडल, दोन चेनी.
एक पंख गाळ्यात तिरका मावायचा,
दुसरा शेजारी इस्माईलच्या गिरणीत
छताला टांगलेला,
पिठानं पांढरा होत.

काका सगळं तोलायचा.
सरस ओला असताना, सरस वाळल्यावर.
दोऱ्याची गाठ.
माझ्या कानातल्या रिंगा: दोन ग्रॅम. काढ.
वेणी मी आपणहून कापून नेली.
त्यानं ती पारड्यात ठेवली.
एकशे दहा.
"एवढ्यात शेपटीचा सांधा बसतो," म्हणाला,
आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

आईनं महिनाभर अबोला धरला.

"पंख खाली दाबलास की हवा तुला उचलते," तो सांगायचा.
"पण तो परत वर न्यावाच लागतो ना,
तेव्हा तीच हवा तुला ढकलते खाली.
खाली येताना पुण्य, वर जाताना पाप.
पाखरं ते पाप कुठे फेडतात
कळलं नाही अजून."
हिवाळ्यात खाडीच्या चिखलात रोहित उतरले
की तो बंधाऱ्यावर बसायचा,
काटा जुळवताना मिटतो तसा
एक डोळा मिटून.

रविवार, पहाटे पाच.
गोदामांमागचा सरळ रस्ता, वारा पडलेला.
वॉचमननं फाटक उघडत विचारलं,
शूटिंग आहे का?
इस्माईलनं पाटीभर पीठ आणलं होतं,
ते रस्त्यावर चाळलं, पातळ,
चाकाचा माग उठावा म्हणून.
माग जिथे तुटेल
तिथे आपण खरे.

मी पेडल मारले.
पंखांचा आवाज ओली चादर झटकावी तसा,
पोटऱ्यांत चुना विरघळत असल्यासारखा जाळ,
मागून काका ओरडतोय, मोज, मोज, मोजत मार.
मोजायला श्वास कुठे होता.

वर गेल्यासारखं मला वाटलं नाही.
एवढंच झालं, की रस्त्याचा खडखडाट,
जो माकडहाडापासून दातांपर्यंत भरला होता,
तो थांबला.
कुणी बोलता बोलता शब्द विसरावा
तसा.
मग त्याला तो आठवला.
डावा पंख मोडला, कोपर सोलवटलं.

काका धावत आला, माझ्याकडे नाही.
गुडघे टेकून पिठावर टेप धरली.
रेघ. मग काहीच नाही. मग परत रेघ.
अकरा फूट चार इंच.

इस्माईल मेव्हण्याचा कॅमेरा आणायला गेला.
तेवढ्यात उजाडलं.
गोदामाच्या पत्र्यावरून कबुतरं उतरली,
दीड-दोनशे असतील,
आणि पुरावा खाऊन टाकला.
मी हाकलायला उठले तर काकानं हात धरला.
पोट भरून जड झालेलं एकेक कबुतर
पत्र्यावर परत कसं चढतंय
ते त्याला बघायचं होतं.

आता माझे गुडघे गेलेत.
केईएमच्या ओपीडीत चपला काढून
काट्यावर उभी राहते, बाहत्तर.
दीड किलो जास्त दाखवतोय हा, मी म्हणते,
स्प्रिंग सैल झालीय.
नर्स मान वर न करता लिहून घेते.
सगळ्याच असं म्हणतात, मावशी.